वडिलांचं घर विकण्याआधी: कामाची वही

६ नोव्हेंबर

घर विकायचं, यावर दादाचं आणि माझं एकमत व्हायला दोन वर्षं गेली. विकण्याआधी त्यात काय काय करायचं यावरून वाजायला दोन तास पुरले. दादाची यादी तयारच होती: मॉड्युलर किचन, हॉलमध्ये फॉल्स सीलिंग, मार्बलसारख्या दिसणाऱ्या मोठ्या टाइल्स, बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन. "नटवल्याशिवाय कोण ढुंकून बघणार आहे याच्याकडे?" माझी यादी कंटाळवाणी होती. गच्चीची गळती, मागच्या खोलीतली ओल, वायरिंग, नळाचे पाइप, कागदपत्रं.

घर १९९१ सालचं. बैठं, वर सपाट गच्ची. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि बाबांनी नंतर ओसरी बंद करून काढलेली एक चिंचोळी खोली. आई गेल्यापासून कुलूपच आहे.

शेवटी ठरलं ते असं: घर आज आहे त्या स्थितीत जे देईल, त्याच्या चार टक्क्यांवर खर्च जाऊ द्यायचा नाही. खर्चाची ही कमाल रक्कम १०० धरायची आणि कोणत्या कामाने त्यातले किती खाल्ले ते वहीत उतरवायचं. वही मी लिहायची, कारण मी मास्तरीण आहे आणि दादाचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नाही.

९ नोव्हेंबर

एजंट येऊन गेले. हात मागे बांधून सगळं घर फिरले, कशालाच हात लावला नाही. हॉलच्या छतावर एक पिवळट डाग आहे, ताटाएवढा. त्याखाली उभे राहून म्हणाले, "ताई, हा तुम्हाला डाग दिसतो. गिऱ्हाइकाला अख्खा स्लॅब दिसतो."

दादाने फॉल्स सीलिंगचा विषय काढला. डाग झाकला जाईल, वर दिवेही छान बसतील. एजंट हसले. या वयाच्या घरात, गच्चीखाली नवंकोरं फॉल्स सीलिंग दिसलं की लोक आधी वर बोट करून विचारतात, हे कशासाठी केलंय?

त्या एका वाक्याने मी वर्गात पोचले. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा निबंध मी दरवर्षी शिकवते. तीन नियतकालिकांनी साभार परत केलेला, शेवटी १९७० साली छापून आलेला, आणि २००१ मध्ये त्याला मिळालेल्या नोबेलच्या मुळाशी असलेला. मुद्दा साधा आहे. गाडीत काय बिघाड आहे ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयाने बघतो आणि सगळ्यांचाच भाव पाडतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात मला परवडत नाही, आणि निघून जातो. बाजारात उरतात त्या खटारा. एवढी वर्षं मी हे फळ्याकडे तोंड करून सांगितलं, विकणाऱ्याच्या जागी उभी आजच राहिले.

घरातही तेच होणार. आपण भिंतीत घातलेल्या पैशांची बेरीज गिऱ्हाईक करत नाही. तो वजाबाकी करतो, तीही दुरुस्तीच्या खर्चाएवढी नाही, त्याच्या मनातल्या सगळ्यात वाईट शक्यतेएवढी. गळती काढायला दहा लागत असतील तर गळतीच्या भीतीपोटी तो तीस कापेल. (आकडे माझ्या मनचे. दादाने लगेच पुरावा मागितला.)

१२ नोव्हेंबर

मागच्या खोलीच्या भिंतीला लोणा लागलाय. खालच्या दीड-दोन फुटांत रंगाचे पोपडे आणि त्यावर मिठासारखी पांढरी पूड. दादाचं निदान: "बाहेरून पाणी मुरतंय." पेंटरचं निदान: "खोली बंद होती ना, कोंदटपणा." दोघांचे उपाय वेगळे, खर्च वेगळे.

म्हणून आधी फुकटातली चाचणी केली. अॅल्युमिनियम फॉइलचे हातभर लांबीरुंदीचे दोन चौकोन घेतले. एक लोणा लागलेल्या भागावर आणि एक वर छातीच्या उंचीवर ठेवला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दोन दिवस हात लावायचा नाही. फॉइलच्या खोलीकडच्या अंगाला दव धरलं तर ते हवेतलं बाष्प, म्हणजे खिडक्या उघडल्या की भागेल. भिंतीकडच्या अंगाला धरलं तर पाणी भिंतीतून येतंय.

१४ नोव्हेंबर

खालचा चौकोन सोलला. आतून भिजलेला, बोटाने ओघळ निघेल इतका. वरचा दोन्ही बाजूंनी कोरडा. म्हणजे दादा बरोबर. पाणी बाहेरून, खालून चढतंय. बाहेर जाऊन पाहिलं तर भिंतीला लागून फरशीचा उतार उलटा, भिंतीकडे. शेजारीच गच्चीच्या पन्हळीचा पाइप फुटलेला. पावसाचं सगळं पाणी वर्षानुवर्षं पायाशी. खोलीत महागडा ओलरोधक रंग मारून हे कधीच थांबलं नसतं.

१६ नोव्हेंबर

स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. यांची फी द्यावी की नाही यावर आम्ही भावंडं अडून बसलो होतो. आज बघितलं ते पाहून दादाही गप्प झाला.

मागच्या खोलीच्या छताला एके ठिकाणी सिमेंटची खपली पडून सळई उघडी झाली आहे. त्यांनी छिन्नीने आणखी थोडं फोडलं, धूळ फुंकली आणि एका लहान बाटलीतून पाण्यासारखा द्रव फवारला. फेनॉल्फ्थॅलीन, शाळेच्या प्रयोगशाळेतलंच. फोडलेल्या खळग्याचा आतला भाग बघता बघता गर्द गुलाबी झाला आणि बाहेरची बोटाच्या पेराएवढी कड तशीच करडी राहिली.

त्यांनी सांगितलं ते असं: चांगलं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, सामू १२-१३ च्या घरात, आणि त्यात सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायॉक्साइड वर्षानुवर्षं बाहेरून आत शिरत त्याचा सामू ९ च्या आसपास आणतो. जिथे गुलाबी रंग येत नाही तिथवर तो पोचलाय. करडी कड सळईपर्यंत गेली की सळईचं कवच गेलं. त्यात ओल मिळाली की गंज. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतं, ती जागा मिळत नाही म्हणून ते काँक्रीट फोडून बाहेर येतं. खपली पडली ती स्लॅब कमकुवत बांधला म्हणून नव्हे, वरून पाणी मुरलं म्हणून.

आमच्या नशिबाने हॉलमध्ये आणि पुढच्या खोलीत फवारलं तिथे जवळजवळ कडेपर्यंत गुलाबी आलं. दोष एका कोपऱ्यापुरता आहे. "आधी गच्ची, मग सळई, मग रंग. उलट क्रमाने केलंत तर पैसे पाण्यात, अक्षरशः." त्यांच्याकडून लेखी अहवाल मागून घेतला, फोटोंसकट. शंभरातले ४.

२७ नोव्हेंबर

गच्ची. मिस्त्रींनी लोखंडी पहार उलटी धरून जुना कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) ठोकत ठोकत चक्कर मारली. निम्म्या भागात खणखणीत, निम्म्यात बद्द. बद्द वाजतं तिथे थर सुटून खाली पोकळी झालेली. ठिगळं लावायची की सगळं उखडायचं? दादा ठिगळांच्या बाजूने होता आणि खरं सांगायचं तर मीही डळमळले, कारण हा एकच आकडा एक तृतीयांश रक्कम खाणार. पण ठिगळ लावलेली गच्ची पुढच्या पावसात गळली तर बाकी सगळं केलेलं वाया. सगळं उखडायचं ठरलं.

६ डिसेंबर

स्लॅबवरच्या भेगा खोलून भरल्या. नवा कोबा घातला, शंभराला एक उतार. म्हणजे दर मीटरला एक सेंटीमीटर. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला दिसतो. कठड्याची भिंत आणि गच्ची जिथे काटकोनात मिळतात तिथे सिमेंटची गोलाई केली. मिस्त्री त्याला वाटा म्हणतात. गळती बहुतेक वेळा मधून होत नाही, या सांध्यातून आणि पन्हळीच्या तोंडाशी होते, म्हणून त्यांनी अर्धा दिवस नुसते कोपरे केले. मी उगाच मजुरीचा हिशेब करत बसले होते.

पाणी मारायची जबाबदारी माझी. सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभी. ओली पोती अंथरून ठेवली.

१७ डिसेंबर

पाणी कोंडून बघितलं. पन्हळीची तोंडं बंद केली, दारापाशी मातीचा बांध घातला आणि दोन इंच पाणी भरलं. इंजिनिअरना आधी विचारलं होतं, कारण ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो. "एवढं सोसेल, त्यावर भरू नका."

कठड्यावर खडूने रेघ मारली. मिस्त्रींची युक्ती मला फार आवडली: शेजारी एक घमेलं पाण्याने भरून त्यातही रेघ मारून ठेवायची. ४८ तासांनी गच्चीतलं पाणी रेघेच्या खाली पाव इंच उतरलं होतं. घमेल्यातलंही तेवढंच. म्हणजे ते उन्हाने नेलं, स्लॅबने प्यायलं नाही. खाली छताला टॉर्च लावून हात फिरवला, कोरडं ठणठणीत. रेघेचा, घमेल्याचा, छताचा फोटो काढला, तारखेसकट.

गच्ची, पन्हळ आणि मागच्या फरशीचा उतार मिळून ३३. मागच्या खोलीचा स्लॅब (सुटं काँक्रीट काढणं, सळई तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लेप, पॉलिमर मॉर्टर) ९.

२ जानेवारी

वायरमन म्हणाला, "जुनी वायर वाकवून दाखवू का?" वाकवली. वरचं आवरण वाळक्या सालीसारखं तुटून खाली पडलं. अर्थिंग फक्त स्वयंपाकघरातल्या एका सॉकेटला, बाकी तीन पिनांचे सॉकेट नुसते शोभेचे, तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नाही. बोर्डावर चिनीमातीचे फ्यूज, त्यातल्या एकात बाबांनी कधीतरी घातलेली जाड तार. फ्यूज वारंवार उडतो म्हणून. म्हणजे घर जळलं असतं पण फ्यूज उडाला नसता.

सगळं बदलतोय. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, सॉकेटना अडीच, गिझर आणि एसीला चारची स्वतंत्र. अर्थिंगची गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. दादाने विचारलं, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) आहेत ना, मग हा कशाला? वायरमनने फार नीट सांगितलं: "सोळाचा एमसीबी सोळा अँपिअरवर तारेला वाचवतो. माणूस जायला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकासुद्धा करंट पुरतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही." १८ गेले. यातलं एकही कुणाला दिसणार नाही.

११ जानेवारी

नळाचे जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप काढले. कापलेला एक तुकडा डोळ्याला लावून बघितला: अर्ध्या इंचाचा पाइप, पण गंजाच्या थरांनी मधे पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. म्हणूनच आई नळाखाली बादली लावून दुसरी कामं उरकून यायची. हा तुकडा मी टाकू दिला नाही. खिडकीत ठेवलाय.

नवे पाइप बसल्यावर हातपंपाने दाब भरून रात्रभर ठेवला. सकाळी काटा जागचा हलला नव्हता. मग भिंतीतल्या झिऱ्या (पाइपांसाठी खोदलेल्या खाचा) बुजवायच्या आधी सगळे फोटो. प्रत्येक फोटोत दोन टेप: एक जमिनीपासून उभी, एक कोपऱ्यापासून आडवी, आणि भाचीच्या पाटीवर खडूने अनुक्रमांक. एकूण ४७ झाले. गवंडी तासभर खोळंबला, वैतागला, त्याचे अर्ध्या दिवसाचे पैसे वर द्यावे लागले. पाइपांचे १३.

१६ जानेवारी

बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरना आधीच दाखवून घ्यावं, असं एजंटने सुचवलं होतं. गिऱ्हाईक कर्ज काढणार, कर्ज व्हॅल्युअरच्या आकड्यावर मिळणार. ते आले, लेसरने मापं घेतली, मंजूर नकाशा मागितला आणि बंद केलेल्या ओसरीपाशी थांबले. नकाशात इथे ओसरी आहे. खोलीची परवानगी कुठे? नाही. "मग हे क्षेत्रफळ मी धरू शकत नाही. शिवाय शेरा लिहावा लागेल."

म्हणजे ज्या खोलीमुळे घर मोठं झालं असं आम्ही तीस वर्षं समजत होतो, तिची किंमत शून्याच्याही खाली. परवानगीचं बघितलं, पुढच्या बाजूला सोडायचं अंतर भरत नाही, मिळण्यासारखी नाही. उरतो एकच उपाय. भिंत पाडून ओसरी पुन्हा मोकळी करायची.

दादा काही न बोलता निघून गेला. ती त्याची अभ्यासाची खोली होती.

१९ जानेवारी

दादाशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, त्या खोलीत तीन टक्के तरी किंमत आहे, लिहून घे. मला १९९० सालचा तो मगांचा प्रयोग आठवला: कानेमन, नेच आणि थेलर यांनी वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक साधा मग दिला आणि नंतर विकणाऱ्या-घेणाऱ्यांना भाव विचारले. हातात मग असलेल्यांनी सांगितलेला भाव रिकाम्या हाताच्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. मग मिळून काही मिनिटंच झाली होती. इथे तर तीस वर्षं.

हे मी दादाला सांगितलं नाही. फोनवर अर्थशास्त्र सांगितलं की तो रिसीव्हर बाजूला ठेवतो.

२५ जानेवारी

भिंत पाडली. दादा स्वतः आला होता. राडारोडा गेल्यावर संध्याकाळी हॉलमध्ये तिरपं ऊन आलं, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. इतकी वर्षं हॉल अंधारा आहे असंच आम्ही धरून चाललो होतो. ६.

३ फेब्रुवारी

आजची नोंद माझ्या मूर्खपणाची. झिऱ्यांवरचं आणि मागच्या भिंतीचं नवं प्लास्टर महिनाभर सुकू द्या, असं पेंटरने बजावलं होतं. एजंटकडे एक गिऱ्हाईक तयार होतं, म्हणून मी घाई केली. हाताला कोरडं लागतंय की, मारा पुट्टी! आज सकाळी मागच्या खोलीच्या भिंतीवर सुपारीएवढे फुगे, नखाने टोचले की आत ओलं. सगळं खरवडायचं. पेंटर काही बोलला नाही, पण खरवडणी हातात देताना त्याने जे बघितलं ते पुरलं.

ते गिऱ्हाईक आलंच नाही.

२४ फेब्रुवारी

या वेळी फॉइल लावून, दोन दिवस थांबून, मगच पुट्टी. रंग सगळीकडे एकच, उबदार पांढरा. दादाला एक भिंत गडद निळी हवी होती. निळी भिंत आवडणारं गिऱ्हाईक येईलही. पण न आवडणारं आलं तर ते पुन्हा रंगकामाचा खर्च कापणार. पांढऱ्यासाठी कुणी जास्त देत नाही, कापतही नाही.

दिवे मात्र सगळे सारखे बसवून घेतले, ३००० केल्विनच्या आसपासचे, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचे. हॉलमध्ये एक निळसर आणि एक पिवळा दिवा असला की त्याच रंगाची भिंत दोन ठिकाणी दोन वयांची दिसते. रंगाचे ११, त्यातले ३ माझ्या घाईचे.

१ मार्च

स्वयंपाकघर. इथे दादाला मी सगळ्यात कमी पटवू शकले आणि माझीही फारशी खात्री नाही. किचन घर विकतं, असं सगळेच म्हणतात. पण प्रत्येकाला ओटा आपल्या उंचीचा हवा असतो. उभं राहून कोपर वाकवलं की त्याच्या हातभर नव्हे, वीतभराहून कमी खाली. आमचा ओटा आईच्या मापाचा, ७९ सेंटीमीटर. हल्ली ८५ ते ९० करतात. नवा घालायचा तर अर्धं बजेट जातं आणि तरी तो घेणाऱ्याच्या मनातला नसणार. म्हणून ओट्याला हात लावला नाही. कपाटांच्या बिजागऱ्या बदलल्या, दारं नीट लागतात. नवा नळ, सिंकखालचा कुजलेला फळा बदलला, ओट्यावर दिव्याची पट्टी. ५.

१५ मार्च

चार जण बघून गेले. एकाचाही फोन नाही. एजंट म्हणाले, दोघं तर फाटकातून आत आले तेव्हाच मनाने परत गेले होते.

इथे दादाचं बरोबर होतं, ते कबूल करते. तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता की बाहेरून घर उदास दिसतं. मी त्याला नटवणं म्हणून उडवून लावत होते. गंजकं फाटक, ओरखडलेलं दार, बेलचं लोंबतं बटण. आत शंभरातले सत्तरहून जास्त घालून केलेली सगळी न दिसणारी कामं, आणि माणूस शिरतानाच ठरवतोय की या घराची कुणी निगा राखलेली नाही. मग गच्ची उत्तम आहे, हे तो कशावरून मानेल?

२१ मार्च

फाटक घासून रंगवलं, दादाने स्वतः. दाराला पॉलिश, नवी कडी, घराचा नंबर, ओसरीत एक दिवा. अवघे ३. एकूण १०२. दोन वर गेले.

५ एप्रिल

आज आलेलं कुटुंब वेगळं होतं. नवरा-बायको आणि नवऱ्याचे वडील, सत्तरीचे. नवरा-बायको खोल्या बघत होते, काकांनी मात्र खिशातून छोटी टॉर्च काढली. सिंकखालचं कपाट उघडून आधी वास घेतला. शॉवर सुरू ठेवून बेसिनचा नळ सोडला, धार कमी होते का ते बघितलं. बाथरूममध्ये मगभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं, ते उभं राहून पाहिलं. खोल्यांमधल्या टाइल्सवर चावीने टकटक करत गेले. मागच्या खोलीत भिंतीला तळहात लावून थांबले आणि म्हणाले, "रंग ताजा आहे. खाली काय आहे?"

मी वही आणि फोटो आणले. फॉइलचे फोटो, आधीचे आणि नंतरचे. गुलाबी काँक्रीट. घमेलं. इंजिनिअरचा अहवाल. फुग्यांचं पानही त्यांनी वाचलं. मी मिटणार होते, तेवढ्यात वाचून झालं होतं. खिडकीतला पाइपचा तुकडा उचलून त्यांनी आरपार बघितलं आणि मुलाच्या हातात दिला.

सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "ओटा मात्र मोडावा लागेल हं आम्हाला." दादाने माझ्याकडे बघितलं नाही.

१८ एप्रिल

बोलणी. बाथरूमच्या हिरव्या टाइल्ससाठी त्यांनी कापले, ओट्यासाठी कापले, दोन्ही रास्त. गच्चीसाठी काहीच कापलं नाही, पण काका म्हणाले, "चाचणी तुम्ही घेतली, फोटोही तुमचेच. पाऊस अजून यायचाय."

खरं आहे. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाचं संकेताचं प्रकरण मी अकरलॉफच्या लगेच नंतर शिकवते: संकेतावर विश्वास तेव्हाच बसतो, जेव्हा खोटं बोलणाऱ्याला तो द्यायला परवडत नाही. फोटो कुणीही काढतो. म्हणून मीच सुचवलं: किमतीतला एक टक्का वकिलांकडे राहू द्या. मोठा पाऊस होऊन छत कोरडं राहिलं तर आमचा, गळलं तर दुरुस्ती त्यातून. दादाने टेबलाखाली माझा पाय दाबला. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "कर सही."

नोव्हेंबरच्या आकड्याच्या अकरा टक्के वर सौदा झाला. आमचे गेले चारपेक्षा थोडे जास्त. मधल्या काळात आजूबाजूचे भावही थोडे चढले, तेव्हा उरलेले सात सगळे कामाचेच असं म्हणता येणार नाही. दादा त्यातले दोन फाटकाच्या नावे मांडतो.

८ जुलै

तीन दिवस कोसळतोय. रात्री साडेनऊला नव्या मालकांचा फोन. नाव बघूनच पोटात गोळा आला.

"ताई, छत कोरडं आहे, काळजी करू नका. वकिलांना सांगितलंय. उद्या ओटा फोडायला घेतोय. सिंकचं पाणी जमिनीखालून कुठल्या बाजूने बाहेर जातं? फोटोत सापडत नाही."

४७ फोटोंत ते नव्हतंच. ओट्याला आम्ही हात लावला नव्हता. मी दादाचा नंबर दिला. ओटा बांधला तेव्हा तो सातवीत होता आणि बाबांनी त्याला पाइप धरायला उभं केलं होतं. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला: डावीकडून, चुलीच्या जागेखालून, मग तिरका. सांगितलं त्यांना.